मैदान मोकळें, आकाश मोकळें नाहीं

सन २०२५ च्या नाताळच्या दिवशीं आपल्या तालुक्यांतील नव्या विमानतळावरून उतारूंची विमानें ये-जा करूं लागलीं. उलव्याची टेकडी फोडली गेली, खाडीकांठची दलदल भरून काढली गेली, कित्येक गांवें उठून दुसरीकडे वसलीं, आणि त्या जागीं ३,७०० मीटर लांबीची धांवपट्टी पसरली. ही धांवपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम आहे व आपलें पनवेल तिच्या पूर्वेच्या अंगास येतें. तेव्हां उतरणारीं आणि चढणारीं विमानें आपल्याच बाजूच्या आकाशांतून जावयाचीं, हें उघड आहे. मधल्या सुटींत माना वर करून उभ्या राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस तें सांगावयास नको.

मोठीं विमानें डोक्यावरून जाऊं लागलीं म्हणजे लहान विमानें हातांत यावयास उशीर लागत नाहीं. बिनतारी यंत्रानें, मुलांच्या भाषेंत ‘रिमोट’नें, चालणारीं मॉडेल विमानें आणि चार पंख्यांचे ड्रोन आज घरबसल्या मागवितां येतात. वाढदिवसाची भेट म्हणून मामा किंवा आत्याबाई तें आणून देतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें सोसायटीच्या आवारांत उडतें. आणि तिसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी खिडकीची कांच फुटते. यावर पालकांचे दोन पक्ष पडलेले मी ऐकतों. एक म्हणतो, हें खूळ मुळांतच बंद करा. दुसरा म्हणतो, मुलेंच तीं, खेळूं द्या. खेळण्याचें तें काय एवढें! मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत. माझें म्हणणें असें कीं, मॉडेल विमान हें खेळणें नसून लहान आकाराचें खरेंखुरें विमान आहे. तें उडविण्याची विद्या मुलांनीं अवश्य शिकावी. परंतु त्या विद्येचा पहिला पाठ यंत्राचा नसून शेजाऱ्यास विचारण्याचा आहे, आणि आपल्या गांवीं राहणाऱ्यानें तर तें विमान गांवापासून दूर नेऊनच उडविलें पाहिजे.

प्रथम बंदी घालूं पाहणाऱ्या पालकांशीं दोन शब्द बोलतों. सन १८७८ मध्यें अमेरिकेंतील मिल्टन राइट नांवाच्या बिशपांनीं प्रवासाहून परततांना आपल्या विल्बर व ऑर्विल या मुलांसाठीं एक खेळणें आणिलें. बूच, वेळूच्या काड्या, कागद आणि पिळलेलें रबर यांचें तें केलेलें होतें. पेनो नांवाच्या एका फ्रेंच तरुणाच्या कल्पनेवरून तें निघालेलें असून हातांतून सोडतांच छताकडे उडे. मुलांनीं तें मोडेपर्यंत उडविलें. मग तसेंच दुसरें स्वतः तयार केलें. मग त्याहून मोठें केलें. आणि मोठें केलेलें नीट उडत नाहीं असें त्यांस आढळून आलें. हा धडा त्यांस कोणत्याहि पुस्तकानें दिलेला नव्हता. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं ह्याच ऑर्विलनें १२ सेकंद हवेंत राहून १२० फुटांचें अंतर तोडलें. बिशपसाहेबांनीं घरांत दंगा नको म्हणून तें खेळणें माळ्यावर टाकलें असतें, तर पुढील इतिहास कसा झाला असता तें कोणी सांगावें!

दुसरें उदाहरण आपल्याच काळांतलें आहे. मेनार्ड हिल नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं ऑगस्ट २००३ मध्यें, वयाच्या ७७ व्या वर्षीं, एक मॉडेल विमान न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून स्वतःच्या हातानें हवेंत सोडलें. इंधनासह त्याचें वजन ५ किलोच्या आंत होतें. अटलांटिक महासागर ओलांडून, सुमारें ३,००० किलोमीटर जाऊन, तें ३८ तासांहून अधिक वेळानें आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलें. आणि उतरलें तें क्लिफ्डनजवळ, जेथें १९१९ सालीं अल्कॉक व ब्राउन यांनीं अटलांटिकवरून न थांबतां केलेलें पहिलें उड्डाण संपविलें होतें. हिल यांची दृष्टि त्या वेळीं इतकी मंदावली होती कीं कायद्यानें ते अंधच गणले जात. ज्या छंदांत अशा चिकाटीस वाव आहे तो छंद मुलाच्या हातून काढून घेणारा बाप मुलाचें हित करतो असें मला वाटत नाहीं. आपल्या देशांतहि राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेंत विमानांच्या प्रतिकृति करण्याचें व उडविण्याचें शिक्षण मिळतें. त्या शाखेचीं पहिलीं पथकें १ एप्रिल १९५० रोजीं मुंबई व कलकत्ता येथें उभीं राहिलीं. म्हणजे हा छंद आपणांस परका नाहीं.

आतां ‘खेळण्याचें काय एवढें’ म्हणणाऱ्यांकडे वळूं. दोन किलो वजनाचें मॉडेल विमान तासीं ७२ किलोमीटर वेगानें जात आहे असें समजा. शौकीन लोक याला फारसा वेग म्हणत नाहींत. हा वेग सेकंदाला २० मीटर झाला. वरून सुटलेल्या वस्तूस इतका वेग येण्यास ती सुमारें २० मीटर उंचीवरून पडावी लागते. नववीच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. अर्थ असा कीं, असें विमान माणसाच्या डोक्यावर आदळणें आणि सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून दोन किलोंचा धोंडा पडणें, यांत आघाताच्या दृष्टीनें भेद नाहीं. विमान थर्मोकोलचें असलें तर आघात थोडा मऊ होईल, इतकेंच. परंतु आंतील मोटर आणि बॅटरी कांहीं थर्मोकोलचीं नसतात.

प्रोपेलरचें भय तर याहून निराळें. दहा इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला १०,००० फेरे घेऊं लागला म्हणजे त्याच्या टोकाचा वेग तासीं सुमारें ४८० किलोमीटर होतो. त्यांतली दुष्ट गोष्ट अशी कीं, जोंवर तो थांबलेला असतो तोंवर डोळ्यांस दिसतो, आणि जेव्हां बोट कापण्याइतका जोरांत फिरतो तेव्हां दिसेनासा होतो. पेट्रोलच्या इंजिनापेक्षां विजेची मोटर मुलांस अधिक गरीब वाटते, कारण ती आवाज करीत नाहीं. वस्तुतः तीच अधिक फसवी. इंजिन एकदां बंद पडलें म्हणजे बंद पडलें. मोटर मात्र बॅटरी जोडलेली आहे तोंवर केव्हांहि उठेल. खिशांतल्या रिमोटच्या दांड्याला कापडाचा धक्का लागला तरी पुरे. सप्टेंबर २०१३ मध्यें न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन येथें एक एकोणीस वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचें पातें लागून जागच्या जागीं मरण पावला. तो नवशिका नव्हता; अवघड कसरती करून दाखविण्याबद्दल त्याची ख्याति होती.

यास्तव जेथें पुष्कळ लोक एकत्र येऊन मॉडेल विमानें उडवितात तेथें कांहीं रीति पडून गेल्या आहेत. त्यांतील एक जुनी रीति मला फार आवडते, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. पूर्वीचीं बिनतारी यंत्रें ठराविक लहरींवर चालत. हवेंत एकाचें विमान असतांना दुसऱ्यानें जमिनीवर त्याच लहरीचें यंत्र सुरू केलें, कीं विमानास दोन धनी होत. तें कोणाचेंच ऐकेनासें होऊन जमिनीवर येई. वर्षभर रात्रीं जागून बांधलेलें विमान क्षणांत काड्यांचा ढीग होई, आणि खालीं कोणी उभा असला तर त्याचें दैव! यावर उपाय म्हणून मैदानाच्या कडेला एक लांकडी फळी लावीत. तिच्यावर प्रत्येक लहरीच्या क्रमांकाचा एक चिमटा असे. कपडे वाळत घालण्याचा असतो तसा. ज्याला यंत्र सुरू करावयाचें असेल त्यानें आपल्या क्रमांकाचा चिमटा काढून स्वतःच्या यंत्रास लावावयाचा, आणि उडविणें संपलें कीं परत फळीवर नेऊन ठेवावयाचा. चिमटा जागेवर नसेल तर, तुम्ही कितीहि लांबून आलेले असा, मुकाट्यानें थांबावयाचें. तेथें शिपाई नाहीं, कुलूप नाहीं, पावती नाहीं. एका दिडकीच्या लांकडी चिमट्यावर हजारों रुपयांचीं विमानें आणि माणसांचे प्राण विसंबून असत, आणि तो चिमटा चालत असे केवळ माणसाच्या शब्दावर.

आजचीं यंत्रें निराळ्या, फार आंखूड लहरींवर चालतात. प्रत्येक यंत्राची व त्याच्या विमानाची आपसांत खूण ठरलेली असते आणि तें गर्दींतून आपली वाट आपणच काढतें. म्हणून एकाच वेळीं दहा जणांनीं यंत्रें सुरू केलीं तरी एकमेकांस बाध येत नाहीं. चिमट्याची फळी गेली. ती गेली याचें मला दुःख नाहीं. परंतु तिच्याबरोबर ‘सुरू करूं का?’ असें विचारण्याची संवयहि जाऊं पाहते, याचें आहे. यंत्र सुधारलें म्हणजे माणसाला सभ्यतेची गरज उरली नाहीं, असा एक समज आजकाल सर्वत्रच दिसतो. रस्त्यावरच्या वाहनांत दिसतो, दूरध्वनीच्या बोलण्यांत दिसतो. लहरींची टक्कर थांबली, पण विमानांची टक्कर थांबलेली नाहीं. आणि डोकीं पूर्वींइतकींच मऊ आहेत.

चांगल्या मैदानावर आजहि काय पाहावयास मिळतें तें सांगतों. उडविणारे सगळे एका ओळींत, एकमेकांचा शब्द ऐकूं येईल इतक्या जवळ उभे राहतात. विमानें त्यांच्या समोरच्या बाजूसच फिरावयाचीं. पाठीमागें, जेथें प्रेक्षक आणि सामान असतें, तेथें कोणीहि न्यावयाचें नाहीं. विमान वर चढतें व खालीं उतरतें तें वाऱ्याच्या तोंडासमोर. ज्याला उडवावयाचें तो ‘टेक-ऑफ!’ असें मोठ्यानें सांगतो, उतरविणारा ‘लँडिंग!’ म्हणतो, आणि पडलेली वस्तु आणावयास मैदानांत जाणारा आधीं सर्वांस विचारतो. एखाद्याची मोटर हवेंतच बंद पडली तर तो ‘डेड स्टिक!’ अशी आरोळी देतो. मग बाकीच्यांनीं आपापलीं विमानें बाजूस घेऊन त्यास वाट करून द्यावयाची. कारण त्याला पुन्हा वर चढण्याची सोय नाहीं, त्याला जी पहिली जागा मिळेल तीच शेवटची. धनवानाचें मोठें विमान असो कीं विद्यार्थ्याचें थर्मोकोलचें, या आरोळीपुढें सर्व सारखे. मला वाटतें, रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या आमच्या शहरांतील मोटारवाल्यांना एक रविवार अशा मैदानावर नेऊन उभें करावें.

बाकीचे नियम थोडक्यांत सांगतां येतील. रिमोट आधीं सुरू करावा आणि विमानाची बॅटरी मागाहून जोडावी. बंद करतांना उलट क्रमानें, बॅटरी आधीं काढावी व रिमोट शेवटीं बंद करावा, म्हणजे विमान निराधार असा एक क्षणहि जात नाहीं. बॅटरी जोडतांना दुसऱ्या कोणी विमान मागून धरावें. प्रोपेलरच्या समोर किंवा त्याच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. उड्डाणापूर्वी विमानापासून दूर चालत जाऊन यंत्राचा हुकूम तेथवर पोंचतो कीं नाहीं तें पाहावें, आणि संबंध तुटल्यास मोटर आपोआप थांबेल अशी योजना करून ठेवावी. नवशिक्यानें एकट्यानें उडवूं नये. विमान दूर जातें तोंवर उजवें तें उजवें असतें; तें आपल्याकडे तोंड करून येऊं लागलें कीं उजवें-डावें उलटतें, आणि बहुतेक नवीं विमानें तेथेंच पडतात. याकरितां गुरूचा व शिष्याचा असे दोन रिमोट एकमेकांस जोडण्याची सोय असते. शिष्य गोंधळला कीं गुरु विमान आपल्याकडे घेतो.

येथें जाणत्यांच्या एका दुर्गुणाविषयीं लिहिणें भाग आहे. नवशिक्या मुलाचें विमान पडलें कीं हंसणारे लोक सर्व मैदानांवर असतात. एकदां हंसें झालेला मुलगा पुढच्या वेळीं विचारावयास येत नाहीं. तो पहाटे कोणी नसतांना येऊन एकटा उडवितो, आणि अपघात होतो तो तेथें. म्हणून नवख्याशीं सौजन्यानें वागणें हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. उलट बाजूनें मुलांनींहि इतकें ध्यानांत ठेवावें कीं, ज्याचें विमान हवेंत आहे त्याच्याशीं बोलूं नये, त्याच्या खांद्यास हात लावूं नये, आणि परवानगीवांचून दुसऱ्याच्या विमानास स्पर्श करूं नये. कोणाचें विमान शेतांत पडलें तर शोधावयास सर्वांनीं जावें, पण जावें तें बांधावरून, पिकांतून नव्हे.

पालकांनीं एक गोष्ट घरींच पाहावयाची आहे. या विमानांतील लिथियम-पॉलिमरची बॅटरी फार शक्तिमान व तितकीच नाजूक असते. ती आपटली, भोंसकली गेली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली तर पेट घेते, आणि ती आग सहजासहजीं विझत नाहीं. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूं नये. चार्जर तिच्यासाठीं केलेलाच असावा. मोबाइलचा किंवा जुन्या खेळण्याचा चालत नाहीं. ती रात्रीं उशाशीं चार्जिंगला लावून मुलानें झोपीं जाणें हें तर सर्वथा बंद करावें. फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, आणि कोणी जागें असतांनाच ती चार्ज करावी.

आतां पनवेलचा विशेष प्रश्न. सरकारचे ड्रोनविषयक नियम ऑगस्ट २०२१ मध्यें अमलांत आले, आणि पाठोपाठ देशाच्या आकाशाचा एक रंगीत नकाशा प्रसिद्ध झाला. तो इंटरनेटवर कोणासहि पाहतां येतो. लाल भागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून कांहींहि उडवावयाचें नाहीं. पिवळ्या भागांत विमान-वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. हिरव्या भागांत ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत ही मोकळीक २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरांच्या आंत तर जमिनीपासूनच परवानगी पाहिजे. आपलें जुनें पनवेल, आपली शाळा, आणि शाळेमागचें तें प्रशस्त मैदान हीं विमानतळापासून किती दूर आहेत तें विद्यार्थ्यांनीं नकाशावर पट्टी ठेवून पाहावें. मैदानाला भिंत नाहीं म्हणून आकाशालाहि नाहीं, असें त्यांस मग वाटणार नाहीं. नियम मोडणारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

कित्येक पालक म्हणतात, आमच्या मुलाचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आंतला आहे, त्याला परवाना लागत नाहीं. परवाना लागत नाहीं हें खरें. परंतु परवाना न लागणें आणि वाटेल तेथें उडवितां येणें या दोन गोष्टी एक नव्हेत. सायकलीस परवाना लागत नाहीं म्हणून ती आगगाडीच्या रुळांवर चालवीत नाहींत. ९ जानेवारी २०२५ रोजीं लॉस अँजेलिस येथें डोंगरांत वणवा पेटला असतां क्वीबेकहून मदतीस आलेलें, तळ्या-समुद्रांतून पाणी उचलून आगीवर टाकणारें एक विमान अशाच २५० ग्रॅमच्या आंतील ड्रोनवर आदळलें. त्याच्या डाव्या पंखास सुमारें सहा इंच लांब भोंक पडलें, आणि आग भडकलेली असतांना तें विमान दुरुस्तीसाठीं जमिनीवर बसून राहिलें. ड्रोनवाल्यास कोणाचें वाईट करावयाचें नव्हतें. त्याला आग पाहावयाची होती. ड्रोन त्याच्या नजरेआड गेला होता, एवढाच त्याचा अपराध. आणि तो अपराध लहान नव्हे.

याच्या उलट प्रकार १९ डिसेंबर २०१८ च्या रात्रीं लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर झाला. ड्रोन दिसल्याची वर्दी आली, धांवपट्टी बंद झाली, आणि ती बंद-चालू होत राहिल्यामुळें नाताळच्या तोंडावर सुमारें १,००० विमानांच्या फेऱ्या बुडून सुमारें १,४०,००० उतारू अडकून पडले. तेथें कोणतेंहि विमान कशावर आदळलें नाहीं. नुसत्या संशयानें एवढा अनर्थ झाला. अपराधी कोण तें शेवटपर्यंत कळलें नाहीं, आणि पोलिसांनीं धरलेल्या एका जोडप्यास निर्दोष म्हणून सोडून द्यावें लागलें. त्या जोडप्यापैकीं गृहस्थास मॉडेल विमानांचा छंद होता. एकाचा अविचार सर्व छंदिष्टांच्या माथीं कसा बसतो याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं. उद्यां पनवेलांतील एका मुलानें गच्चीवरून ड्रोन सोडला आणि उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकानें तो पाहिला, तर केवळ त्या मुलाचा ड्रोन जप्त होईल असें नव्हे. प्रामाणिकपणें बंगालीच्या काड्या तासून विमान बांधणाऱ्या दहा मुलांची वाट बंद होईल.

विमानतळाची गोष्ट सोडली तरी शेजारधर्म उरतोच. ड्रोनला डोळा असतो. ज्या खिडकींतून आपण मान घालून पाहणार नाहीं त्या खिडकीसमोर कॅमेरा नेऊन धरणें हें पाहण्याइतकेंच निंद्य आहे. यंत्र मध्यें आलें म्हणून तें शुद्ध होत नाहीं. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका, गच्चीवर पापड घालणाऱ्या आजीबाई, इस्पितळांतील रोगी, कोणाची प्रेतयात्रा, मंदिरांतील आरती, मशिदींतील नमाज, देवळांतील आपली उपासना, यांपैकीं कशावरूनहि ती भुणभुण नेऊं नये. कर्नाळ्याच्या अभयारण्याकडे तर विमान घेऊन जाऊंच नये; तें पक्ष्यांचें आहे. कळंबोलीच्या मोठ्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या तारांचीं जाळीं आपल्या आसमंतांत सर्वत्र पसरलीं आहेत. त्यांत अडकलेलें विमान काठीनें काढावयास जाणें म्हणजे प्राणाशीं गांठ. तें गेलें असें समजावें. आणि नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली, तरी संक्रांत आली कीं तो कोठून तरी निघतो, हें पाहिलें म्हणजे आकाशांतील खेळ कायद्यानें सुधारत नाहींत, घरांतून सुधारतात, असें म्हणावें लागतें.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. विमान गांवाबाहेर न्या असें सांगणें सोपें. परंतु रविवारीं मुलाला वीस-तीस किलोमीटर नेण्याची सवड आणि पैसा कोणत्या बापापाशीं आहे? गिरणींत, दुकानांत, लोकलच्या गर्दींत ज्यांचा आठवडा जातो त्यांस हें सांगणें जड जातें. त्यावर माझें उत्तर असें कीं, पहिलें वर्ष बिनतारी यंत्राची गरजच नाहीं. पातळ थर्मोकोल, कागद, बांबूची काडी आणि रबर यांचें हातानें फेंकावयाचें विमान शाळेच्या सभागृहांत उडतें. त्यास लागणारा खर्च एका वहीच्या किंमतीहून अधिक नाहीं, आणि भारकेंद्र पुढें असलें कीं विमान नाक खालीं घालतें, मागें गेलें कीं गटांगळ्या खातें, हें ज्ञान दहा हजारांच्या विमानांत जेवढें मिळतें तेवढेंच त्यांतहि मिळतें. राइट बंधूंनीं आरंभ त्यांतच केला. हें काम मुलींनींहि करावें. काडी तासण्यास लागणारा हलका हात आमच्या वर्गांत मला मुलींपाशींच अधिक आढळला आहे.

ज्यांचें हें वर्ष नीट पार पडेल, त्यांनीं दुसऱ्या वर्षीं एकत्र येऊन एकच शिकाऊ विमान घ्यावें व तें शाळेच्या कपाटांत राहावें. घरोघरीं एकेक नको. तें उडविण्यासाठीं महिन्यांतून एका रविवारीं एका गाडींतून सर्वांनीं जावें, बरोबर निदान दोन पालक असावेत. पावसाळ्यांत हें शक्य नाहीं. भातकापणी झाल्यावर, डिसेंबरपासून पुढें, सकाळीं सात ते दहा ही वेळ उत्तम; दुपार कलली कीं समुद्राकडून वारा उठतो आणि हलकीं विमानें आवरत नाहींत.

आपल्या पालकांपैकीं कित्येकांचीं शेतें कर्जत व खालापूरच्या बाजूस आहेत. ज्यांच्या खाचरांजवळून विजेच्या तारा गेलेल्या नाहींत, जेथून वस्ती व गुरांचें रान दूर आहे, आणि सरकारी नकाशावर ज्या जागेचा रंग हिरवा आहे, त्यांनीं कृपा करून आपलीं नांवें शाळेच्या कचेरींत कळवावीं. शंभर पावलें लांब व तीस पावलें रुंद इतकी सपाट जागा असली म्हणजे पुरे. भाताचे खुंट असले तरी विमान उतरविण्यास चालतात. मात्र जमीन वाळलेली हवी, आणि शेजारच्या खाचरांत वाल पेरलेला असेल तर त्या शेजाऱ्यास आधीं विचारून ठेवावें.